मालदीव, दक्षिण आरी: रिसॉर्ट झकास, पण मालेहून बोटीने जाऊ नका

दक्षिण आरी अटॉलमधलं (अटॉल म्हणजे प्रवाळबेटांचं कडं) रिसॉर्ट घेतलं असेल आणि जायचे दिवस पावसाळ्यातले असतील, तर राजधानी मालेहून स्पीडबोटीने जाऊ नका. कितीही स्वस्त पडत असली तरी नाही. बाकीचं वाचायला वेळ नसेल तर एवढं एक लक्षात ठेवा.

आम्ही दोघं ऑगस्टमध्ये गेलो होतो. बुकिंग पुण्यातल्या एका एजंटकडून. "तासाभराची बोट आहे मॅडम, समुद्र बघत बघत जाल," हे त्याचे शब्द. तास उलटला तेव्हा आम्ही जेमतेम अर्ध्या वाटेवर होतो आणि बोटीतल्या निम्म्या लोकांच्या हातात ओकारीच्या पिशव्या होत्या.

हे असं का होतं ते नकाशा उघडला की लगेच कळतं. माले अटॉलांच्या पूर्वेकडच्या रांगेत आहे, आरी पश्चिमेकडच्या. मध्ये उघडा समुद्र. अटॉलच्या आत असेपर्यंत बाहेरचा प्रवाळाचा कठडा लाटा अडवतो, त्यामुळे पहिला टप्पा खरंच छान जातो, फोटोबिटो निघतात. दक्षिण माले अटॉल मागे पडलं की हा आडोसा संपतो. पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येकडून येतो आणि दक्षिण आरीही मालेहून नैर्ऋत्येलाच, म्हणजे जाताना प्रत्येक लाट समोरून. बोट लाटेवर चढते, क्षणभर खाली पाणीच नसतं आणि मग ती धाडकन आपटते. उखळात घालून कांडावं तसं अंग निघतं. खलाशी पुढच्या सीटवरच्या लोकांना दंडाला धरून एकेक करत मागे आणत होता. नवरा खिडकीखालचा दांडा दोन्ही हातांनी धरून बसला होता. उतरल्यावर बघितलं तर त्याच्या तळव्यांवर लाल वळ. आरी जवळ आल्यावर समुद्र एकदम निवळला. पण तोवर त्या दिवसाची संध्याकाळ गेली ती गेलीच, आम्ही न जेवता झोपलो.

येताना लाटा पाठीमागून असतात, त्यामुळे परतीची बोट बरीच सुसह्य होती. म्हणूनच परत येऊन लोक "काही नाही हो, मस्त जाते बोट" असं सांगतात. जातानाचं विसरलेले असतात.

मग जायचं कसं? सीप्लेन, म्हणजे पाण्यावर उतरणारं छोटं विमान, सुंदर आहे, अर्ध्या तासात पोचवतं, पण जाऊन-येऊन माणशी चारशे-पाचशे डॉलरच्या घरात जातं. ते फक्त उजेडी उडतं. मालेला दुपारी साडेतीननंतर उतरत असाल तर सीप्लेन विसरा, ती रात्र विमानतळाजवळच्या हुलहुमालेत काढावी लागेल आणि त्या हॉटेलचे पैसे वेगळे. सामानाला २० किलो अधिक हातात ५ किलोची मर्यादा असते आणि वर गेलं की किलोवर पैसे. माझं मत विचाराल तर मामिगिलीपर्यंत देशांतर्गत विमान घ्या. मामिगिली दक्षिण आरीतच आहे, तिथून रिसॉर्टची छोटी बोट अटॉलच्या आतून येते. एजंट हा पर्याय आपणहून सांगत नाहीत. बुकिंग करतानाच रिसॉर्टला थेट ईमेल टाकून विचारा.

आणि तरीही बोटीनेच जायची वेळ आली, तर सकाळची बोट मागा आणि मागच्या अर्ध्या भागात बसा. पेट्रोलचा वास येईल, पाणी उडेल, पण पाठ वाचेल. उलटीची गोळी माले सोडायच्या अर्धा तास आधी घ्या, मळमळायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही. बॅगेला प्लॅस्टिक गुंडाळा. मणक्याचा त्रास असेल किंवा बायको गरोदर असेल तर या बोटीत पाऊल ठेवू नका, यात मागेपुढे बघण्यासारखं काही नाही.

आता पैसे. "सगळं आत" म्हणून जे विकतात त्यात सगळं नसतं. आमच्या पॅकेजमध्ये तीन वेळचं जेवण, दुपारचा चहा आणि ठरावीक ब्रँडची दारू होती. व्हेल शार्क हा महाकाय मासा बघायची सफर, मोटरवाले पाण्यातले खेळ, स्पा, लॉब्स्टर, वाळूच्या पट्ट्यावरचं जेवण हे सगळं वेगळं. हे चालतं, सगळीकडेच तसं असतं. चालत नाहीत ती किमतीपुढची अधिकची दोन छोटी चिन्हं (++). मेन्यूवर १०० डॉलर लिहिलेलं असतं, त्यावर १० टक्के सेवा शुल्क लागतं, ११० होतात. मग त्या ११० वर १७ टक्के कर, जो जून २०२५ पर्यंत १६ होता. हातात बिल पडतं १२८ डॉलर ७० सेंटचं. शिवाय ग्रीन टॅक्स, तो रिसॉर्टमध्ये माणशी दर रात्री १२ डॉलर, म्हणजे दोघांचे रोजचे २४. २०२५ च्या सुरुवातीला तो ६ वरून १२ केला. आमच्या एजंटच्या कागदावर तो जुन्या दराने धरलेला होता आणि फरक आम्ही निघताना काउंटरवर भरला. तुमच्या कोटेशनमध्ये ग्रीन टॅक्स, सेवा शुल्क, कर आणि येण्याजाण्याचं भाडं या चार ओळी वेगळ्या लिहून घ्या. तोंडी "सगळं धरलंय" याला काडीची किंमत नाही.

कार्ड देताना मशीन विचारतं, रुपयांत की डॉलरमध्ये? डॉलरच निवडा. रुपये निवडले की ते त्यांच्या मनाचा दर लावतात.

विमानतळावर आपल्या लोकांचा घोळ होतो तो दोन गोष्टींनी. बाहेरून दारू नेता येत नाही, मुंबईच्या ड्युटी-फ्रीची बाटली मालेला काढून घेतात आणि परत जाताना पावती दाखवल्यावर देतात. आणि पूजेच्या मूर्ती नेऊ नका. बंदी आहे. गणपतीचे दिवस जवळ असले म्हणून बॅगेत छोटी मूर्ती घालाल तर तिथे ती सोडून यावी लागेल, आणि ते कुणालाच बरं वाटणार नाही. व्हिसा तिथे उतरल्यावर फुकट मिळतो, पण इमुगा नावाचा ऑनलाइन फॉर्म निघायच्या आधीच्या ९६ तासांत भरलेला लागतो. तो सरकारी साइटवर फुकट आहे. पैसे मागणारी साइट उघडली तर ती बंद करा.

जेवणाचं. नवरा शुद्ध शाकाहारी, मी कोकणातली. मी मजेत होते. सकाळी एक कोपरा मालदिवी न्याहारीचा असे, तिथला माणूस परातीत कांदा आणि मिरची लिंबाच्या रसात हातानेच चुरायचा, मग त्यात टूना मासा आणि ताजं खोवलेलं खोबरं. हे मास हुनी. सोबत रोशी, म्हणजे आपल्या पोळीची सख्खी बहीण. अप्रतिम. पण शाकाहारी माणसाने तिथल्या कुठल्याही भाजीत चमचा घालण्याआधी विचारावं, टूना कशातही असतो. आम्ही पहिल्याच रात्री आचाऱ्याला गाठून सांगितलं, तेव्हापासून डाळ, भात आणि एक भाजी वेगळी मिळत गेली. छोट्या रिसॉर्टचा हा मोठा फायदा आहे.

बेट चालत दहा-पंधरा मिनिटांत फिरून होतं. खोली, किनारा, लोक, सगळं उत्तम होतं, त्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं नाही.

पाण्याबद्दल मात्र लिहायलाच हवं. पोहता येतं हे धरून चालते. रिसॉर्टच्या रीफवर, म्हणजे प्रवाळाच्या खडकावर, उतरायला आणि बाहेर यायला ठरलेल्या वाटा असतात, त्यांनीच जा. लॅगूनची, म्हणजे बेटाभोवतीच्या उथळ पाण्याची, कड संपते तिथे तळ एकदम खाली जातो, तिथे प्रवाह असतो आणि तो आपल्याला कळायच्या आत बाजूला नेतो. उतरायच्या आधी डाइव्ह सेंटरमध्ये त्या दिवसाचा प्रवाह विचारा. रबरी बूट घरून न्या, तिथे भाड्याने घेतले तर चावतात.

आणि व्हेल शार्क. दक्षिण आरीत ते बारा महिने असतात, याच किनाऱ्याचा पट्टा २००९ पासून संरक्षित आहे. सफर पॅकेजमध्ये नव्हती, वर ती अधिकची दोन छोटी चिन्हं होतीच, आणि मी आधी नाही म्हणत होते. गेलो, आणि तासभर काहीच दिसलं नाही. मग गाइड ओरडला आणि आम्ही उड्या मारल्या. समोर निळ्या पाण्यात पांढऱ्या ठिपक्यांची एक भिंत सरकत होती. पोटाखाली चिकटलेले छोटे मासे, कल्ल्यांच्या फटी उघडत आणि मिटत होत्या, शेपूट सावकाश डावीकडून उजवीकडे. मी श्वासाच्या नळीतून ओरडत होते हे मला नंतर नवऱ्याने सांगितलं. या सफरीसाठी पैसे मोजा. बाकी कशातही काटकसर करा, यात नको. हात लावू नका, समोरून वाट अडवू नका, शेपटीपासून लांब रहा. आणि मुक्कामाच्या पहिल्या दिवशीच नाव नोंदवा, म्हणजे वाऱ्यामुळे सफर रद्द झाली तर दुसरा दिवस हाताशी राहतो.

शेवटचा दिवस नीट आखा. खोली दुपारी बाराला सोडायची असते आणि पॅकेजही बाराला संपतं. आमची बोट चारची होती, मधलं जेवण आणि दोन शहाळी बिलावर आली, करासकट. बाराच्या आत पोटभर जेवून घ्या किंवा परतीच्या दिवसाचं जेवण पॅकेजमध्ये आहे हे ईमेलवर लिहून घ्या. आणि बऱ्याच रिसॉर्टचं घड्याळ मालेच्या तासभर पुढे असतं, आमच्याकडेही होतं. बोटीची वेळ बेटाच्या घड्याळाने सांगतात, विमानाची मालेच्या. निघायच्या आदल्या रात्री दोन्ही वेळा कागदावर शेजारी-शेजारी मांडून बघा.