फोमचा पिवळा गाभा

गाद्या-सोफ्यांच्या पॉलियुरेथेन फोमच्या कारखान्यात उमेदवारी करत असताना, आदल्या दिवशी ओतलेला एक मोठा ब्लॉक कटिंग मशीनवर चिरला गेला आणि बाहेरून पांढराशुभ्र दिसणाऱ्या त्या ठोकळ्याच्या पोटात फिकट पिवळ्यापासून कोऱ्या चहाच्या रंगापर्यंत गडद होत गेलेला डाग निघाला. सुपरवायझर एवढेच म्हणाले, "स्कॉर्च आहे, मधला भाग बाजूला काढा." आत कोणी आग लावलेली नसताना हा भाग करपला कसा, हा प्रश्न मला पुढे बरीच वर्षे पुरला.

उष्णता बाहेरून येत नाही, ती घडणीतच असते. टीडीआय (टोल्युइन डायआयसोसायनेट) आणि पॉलिऑल या फोमच्या दोन मुख्य द्रवांच्या मिश्रणात पाणी घातले की पाण्याची टीडीआयशी क्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि त्यानेच फोम फुगतो. मात्र या क्रियेत सुटणारी उष्णता टीडीआय आणि पॉलिऑल यांना जोडणारे युरेथेन बंध तयार होताना सुटणाऱ्या उष्णतेच्या जवळजवळ दुप्पट असते. फोम जितका हलका हवा तितके पाणी जास्त लागते. 100 भाग पॉलिऑलमागे पाणी साडेचार-पाच भागांच्या घरात गेले की गाभ्याचे तापमान 160-170 अंश सेल्सिअसपर्यंत चढते, आणि फोम स्वतःच उत्तम उष्णतारोधक असल्यामुळे ही उष्णता तासन्‌तास आत कोंडून राहते.

तरीही नुसत्या उष्णतेने एवढे बिघडले नसते. फुगल्यावर फोमच्या पेशींमध्ये, म्हणजे बारीक पोकळ्यांमध्ये, कार्बन डायऑक्साइड भरलेला असतो. तो हळूहळू बाहेर झिरपतो, ब्लॉक निवू लागला की आतला वायू आकसतो, आणि बाहेरची हवा आत ओढली जाते, कारण लवचीक फोमच्या पेशी एकमेकींत उघडणाऱ्या असतात. बसणाऱ्याला सुखावणारा मऊपणा याच उघड्या पेशींमुळे येतो, आणि ऑक्सिजनला तापलेल्या गाभ्यापर्यंत वाटही त्याच करून देतात.

ऑक्सिजनचा पहिला घाव पडतो तो पॉलिऑलवर, म्हणजे फोमच्या मऊ भागावर. नेहमीच्या पॉलिईथर पॉलिऑलमध्ये प्रॉपिलीन ऑक्साइडचे दुवे असतात आणि त्यांतील ईथर ऑक्सिजनला (दोन कार्बनांना जोडणाऱ्या ऑक्सिजनला) लागून असलेल्या कार्बनवरचा हायड्रोजन सहज निसटतो. तेथे मुक्त मूलक (एकटा इलेक्ट्रॉन उरलेला, चटकन क्रिया करणारा तुकडा) तयार होतो, तो ऑक्सिजन पकडून पेरॉक्सी मूलक बनतो, शेजारच्या साखळीचा हायड्रोजन ओढून घेतो आणि हायड्रोपेरॉक्साइड होतो. हे हायड्रोपेरॉक्साइड उष्णतेने फुटले की एकाचे दोन मूलक होतात. म्हणून ही क्रिया सुरुवातीला रेंगाळते आणि एकदा पकड घेतली की स्वतःच वेग वाढवत जाते. शेंगदाण्याचे तेल खवट होते तेही याच मार्गाने. येथे साखळ्या तुटून अल्डिहाइड आणि फॉर्मेटसारखे लहान तुकडे उरतात, फोमचा ताण सोसण्याचा गुण जातो आणि प्रत्येक पायरीवर आणखी उष्णता सुटते.

रंगाची गोष्ट मात्र वेगळी आहे. पिवळेपणा मुख्यतः टीडीआयपासून आलेल्या ॲरोमॅटिक (बेंझिनसारखे वलय असलेल्या) भागांच्या ऑक्सिडेशनचा असतो, त्यामुळे मऊ भाग किती कमजोर झाला हे रंगावरून नेमके कळत नाही. ग्राहक रंग पाहून माल परत पाठवतो. माझ्या मते त्याने फोमची पट्टी ताणून पाहणे अधिक शहाणपणाचे ठरेल.

यावर उपाय म्हणून पॉलिऑलमध्येच अँटिऑक्सिडंट, म्हणजे ऑक्सिडेशन रोखणारे रसायन, घालतात. बीएचटी हे त्यातले जुने नाव. ते स्वतःचा हायड्रोजन पेरॉक्सी मूलकाला देऊन साखळी तोडते; पण ते बाष्पशील असल्याने गरम ब्लॉकमधून उडून जाते, आणि साठवणीत हवेतील नायट्रोजन ऑक्साइडांशी संयोग पावून शेजारच्या पांढऱ्या कापडावर पिवळे डाग पाडते, हा त्याचा आगाऊपणा. म्हणून हल्ली जड रेणूंचे फिनॉल आणि ॲमीन अँटिऑक्सिडंट एकत्र वापरण्याकडे कल असतो.

ऑक्सिजन वगळून नुसतेच तापवले तर क्रम उलटतो. साधारण 200 ते 300 अंशांत युरेथेन बंध सुटतात, टीडीआयकडील नायट्रोजनयुक्त भाग पिवळ्या धुराच्या रूपाने निघून जातो आणि पॉलिऑल द्रवरूपात मागे उरते. हाच पिवळा धूर 800 अंशांच्या वर तापला की त्यातून हायड्रोजन सायनाइड निघतो. ब्रिटनमध्ये हे 1970च्या दशकाच्या सुरुवातीला प्रयोगांनी दाखवले गेले होते. तरी मँचेस्टरमधील वूलवर्थ्‌स दुकानाच्या फर्निचर विभागात 1979 साली लागलेल्या आगीत 10 माणसे गेली, आणि फर्निचरमधील फोमवर कडक नियम यायला 1988 उजाडले.

ताजा ब्लॉक आपोआप पेटण्यामागेही ही ऑक्सिडेशनची साखळीच असते, आणि धोका ओतताना नव्हे तर काही तासांनी असतो. म्हणून क्युरिंगच्या, म्हणजे फोम पक्का होऊ देण्याच्या, शेडमध्ये ताजे ब्लॉक एकावर एक न रचता, मधे मोकळी जागा सोडून ठेवतात आणि पूर्ण निवेपर्यंत गोदामात हलवत नाहीत. रात्रपाळीत माझे काम होते गाभ्यात खुपसलेल्या थर्मोकपलचा (तापमान मोजणाऱ्या तारेचा) आकडा दर अर्ध्या तासाने वहीत लिहिण्याचे. आकडा उतरत असेल तर काळजी नसे. उतरता उतरता तो थबकला आणि पुन्हा चढू लागला, तर ब्लॉक ताबडतोब उघड्या आवारात ओढून न्यायचा आणि पाण्याचा पाइप हाताशी ठेवायचा, असा आम्हांला आदेश होता.