मग आमचं पाचट घेऊन जा की!

साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाच्या ट्रॅक्टरची रांग लागली की कुणीतरी हमखास विचारतं, "मॅडम, पाल्यापाचोळ्यापासून पेट्रोल होतं म्हणे आता. मग आमचं पाचट घेऊन जा की! फुकट देतो."

विचारणारा चेष्टा करत नसतो. ऊस तुटून गेला की एकरी तीन-चार टन पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, फडात पडून राहतं आणि संध्याकाळी त्याला काडी लागते. जानेवारीत आमच्या वारणाकाठाला दोरीवर वाळत घातलेले कपडे काजळी झटकूनच आत घ्यावे लागतात. मी डिस्टिलरीत केमिस्ट आहे, मळीपासून, म्हणजे साखर काढून उरलेल्या घट्ट काकवीसारख्या द्रवापासून, पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल करण्यात माझी वीस वर्षं गेली. तेव्हा हा प्रश्न मला विचारणं रास्तच आहे. पण रांगेत उभ्या उभ्या त्याचं उत्तर देऊन होत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

पाचटापासून इथेनॉल होतं का? होतं. पण सहज होत नाही.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी दोन फ्लास्क भरून ठेवले होते. एकात पातळ केलेली मळी, दुसऱ्यात मिक्सरला दळलेलं पाचट आणि पाणी. दोन्हींत यीस्ट एकच. मळीचा फ्लास्क दुपारपर्यंत फसफसायला लागला. कानाशी धरला तर आत सूंऽ असा आवाज, आणि पिकल्या केळ्यासारखा वास. पाचटाचा फ्लास्क तीन दिवस मुका राहिला आणि चौथ्या दिवशी त्यावर बुरशी आली. खरं तर साखर दोन्हींत होती. पाचटाचा साधारण ४० टक्के भाग सेल्युलोजचा असतो, आणि सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजचे हजारो मणी एका दोऱ्यात ओवलेले. त्या माळांभोवती हेमिसेल्युलोजचं वेटोळं, आणि वरून लिग्निनचा लेप. पान वाऱ्यात ताठ उभं राहतं ते या बांधणीमुळे. यीस्टला मात्र सुटा मणी लागतो, माळ त्याला खाता येत नाही. आपली गाय तेच वाढे रवंथ करून पचवते, कारण तिच्या पोटातले जिवाणू ही माळ तोडतात.

कारखान्यात ती तोडायची तर आधी सौम्य आम्ल आणि जास्त दाबाची वाफ देऊन बांधणी सैल करावी लागते. वाफ जास्त झाली तर थोडी साखर करपते आणि त्यातून यीस्टला मारक अशी द्रव्यं तयार होतात. मग माळ तोडणारे एन्झाइम घालायचे, ते महाग. हेमिसेल्युलोजमधून सुटणारी झायलोज नावाची साखर तर नेहमीचं यीस्ट खातच नाही, तिच्यासाठी यीस्ट वेगळं.

हे जमवणारे लोक आहेत. इंडियन ऑइलने पानिपतला उभारलेल्या प्रकल्पाचं उद्घाटन १० ऑगस्ट २०२२ रोजी झालं, आणि त्याचं तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचं आहे. वर्षाला २ लाख टन भाताचा पेंढा घ्यायचा आणि ३ कोटी लिटर इथेनॉल काढायचं, असं तिथलं गणित. म्हणजे टनाला दीडशे लिटर. आमच्या साध्या मळीतून टनाला सव्वादोनशेच्या आसपास निघतं, तेही वाफेचा आणि एन्झाइमचा एवढा खटाटोप न करता. अमेरिकेत आयोवा राज्यात ड्यूपाँटने मक्याच्या ताटांपासून इथेनॉल करणारा प्रचंड कारखाना २०१५ साली सुरू केला आणि २०१७ मध्ये विकायला काढला. पैसा आणि शास्त्रज्ञ दोन्ही हाताशी असलेल्या कंपनीची ही गोष्ट.

वाहतुकीचं थोडक्यात सांगते. पाचट म्हणजे निम्मी हवा. ट्रॉली शिगोशीग भरते आणि काट्यावर वजन भरत नाही. गठ्ठे बांधले तरी त्याबरोबर माती येते, खडे येतात, यंत्राची पाती झिजतात. चिपाडाचं, म्हणजे रस काढून उरलेल्या चोथ्याचं, तसं नाही. ते उसाबरोबर आपसूक कारखान्यात येतं, त्याची वाहतूक आधीच झालेली असते. उद्या असं काडीकचऱ्यापासूनचं, म्हणजे दुसऱ्या पिढीचं, इथेनॉल करायचंच झालं तर मी शिल्लक चिपाडाकडे आधी बघेन.

पण ही सगळी कोडी उद्या सुटली तरी मी तुमचं पाचट मागणार नाही. खरं उत्तर हे आहे.

हेक्टरी आठ-दहा टन पाचटात चाळीस-पन्नास किलो नत्र असतं, पाऊणशे ते शंभर किलो पालाश असतं, आणि तीन-चार टन सेंद्रिय कर्ब असतो. काडी लावली की नत्र आणि कर्ब धुरात जातात. कारखान्यात आणलं तर यातलं काहीच तुमच्या रानात उरत नाही. आमच्या पट्ट्यात वर्षानुवर्षं ऊस, वर पाटाचं पाणी आणि पोत्यांनी युरिया, त्यामुळे जमिनी आधीच क्षारपड होत चालल्यात. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात उसाच्या एका लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी धरलंय. तो आकडा वाचून त्या रात्री मला झोप लागली नाही. मी जे इंधन हिरवं म्हणून टँकरमध्ये भरते, त्याचा हिरवेपणा डिस्टिलरीत ठरतच नाही, तो सरीत ठरतो. पाचट सरीत पसरलेलं असेल तर ऊन थेट मातीवर पडत नाही, ओल टिकते, पाण्याची एखादी पाळी वाचते. माझ्या लेखी पाचटाचा इंधनासाठी सगळ्यात चांगला उपयोग तो आहे.

आमच्या आबांनी, म्हणजे धाकट्या चुलत्यांनी, चार वर्षांपूर्वी जाळणं बंद केलं. पहिल्या वर्षी ते माझ्यावर चिडले होते. "उंदीर झालेत, पाणी पुढं सरकत नाही, तुझं शास्त्र तू ठेव!" दुसऱ्या खोडव्याला, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेल्या पिकाच्या वेळी, त्यांनी मला बोलावून घेतलं आणि सरीतलं कुजकं पाचट हाताने बाजूला केलं. खालची माती काळी, भुसभुशीत, आणि ओंजळभर ढेकळात सात गांडुळं. आबांनी ती एकेक करून मोजली आणि ढेकूळ पुन्हा जागेवर ठेवून वर पाचट ओढलं.

ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी पद्धत अशी. बुडख्यांवरचं पाचट सरीत ओढा, बुडखे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटा. पाचटाच्या प्रत्येक टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाका आणि लगेच पाणी द्या. पाणी लांबवू नका. गेल्या वर्षी शेजारच्या फडातली आग बांध ओलांडून आली आणि आबांच्या कोरड्या राहिलेल्या सहा सऱ्या जळून गेल्या. भिजवलेल्या सऱ्यांपाशी मात्र ती थांबली.