७५० फ्रेमचा हिशेब

सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर ३० सेकंदांच्या जाहिरातीत ७५० फ्रेम मिळतात. अभ्यासक्रमासाठी छोटी जाहिरात करायला घेतली की मी हा आकडा वहीत सगळ्यात वर लिहिते आणि त्यातून शेवटच्या पॅकशॉटच्या, म्हणजे फक्त वस्तू आणि नाव दाखवणाऱ्या शॉटच्या, ७५ फ्रेम लगेच वजा करते. उरलेल्या ६७५ मध्ये बाकी सगळं बसवायचं असतं. जागा कुठे जाते हे पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर असलं की पुढचे निर्णय सोपे होतात.

ब्रीफमध्ये, म्हणजे जाहिरातीत काय सांगायचं याच्या टिपणात, बहुधा पाच-सहा गुण लिहिलेले असतात. सरावासाठी स्टीलची पाण्याची बाटली घेतली तर ती गळत नाही, हलकी आहे, पाणी गार ठेवते, चार रंगांत मिळते, धुवायला सोपी आहे. हे सगळंच सांगायचा मोह होतो आणि फसलेल्या विद्यार्थी-जाहिरातींचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं. संहितेला हात लावण्याआधी मी एकच वाक्य ठरवते: ‘दप्तरात उलटी पडली तरी वही कोरडी.’ त्यात गुण आहे, प्रसंग आहे आणि चित्रही आहे. ‘उत्तम दर्जाची बाटली’ या वाक्यातून कॅमेऱ्यासमोर ठेवण्यासारखं काहीच निघत नाही. न्यूयॉर्कमध्ये १ जुलै १९४१ रोजी झळकलेली बुलोव्हा घड्याळाची जाहिरात पहिली अधिकृत टीव्ही जाहिरात मानली जाते. तीत अमेरिकेच्या नकाशावर एक घड्याळ होतं आणि सोबत एक वाक्य. ब्रीफ फुगायला लागलं की मला ती आठवते.

संहिता दोन रकान्यांत लिहायची, डावीकडे दृश्य आणि उजवीकडे आवाज. लिहून झाली की आधी उजवा रकाना हाताने झाकून वाचायचा आणि मग डावा. बरेच लोक फोनवर आवाज बंद ठेवून पाहतात, तर टीव्ही चालू असताना बरेच जण दुसऱ्या खोलीत असतात. दोन्हीकडे निदान वस्तू कोणती आणि नाव काय एवढं पोचायला हवं. निवेदनाचे शब्द मी मोजून घेते. मराठीत घाई न करता बोललं तर सेकंदाला साधारण दोन शब्द बसतात, म्हणजे ३० सेकंद भरून टाकायला ६० शब्द पुरतात. मी ४५ च्या वर जात नाही, कारण दृश्याला श्वास घ्यायला जागा लागते. पडद्यावर मजकूर यायचा असेल तर तो मनातल्या मनात दोनदा वाचून होईल इतका वेळ टिकला पाहिजे. निवेदन एक सांगतंय आणि सुपरमध्ये, म्हणजे पडद्यावरच्या मजकुरात, दुसरंच लिहिलंय, असं झालं की प्रेक्षकाच्या हाती दोन्ही लागत नाही.

अ‍ॅनिमॅटिक, म्हणजे जाहिरातीचा चित्रांवरून केलेला कच्चा व्हिडिओ, करायचा कंटाळा विद्यार्थी सर्रास करतात, आणि ते मला पटत नाही. स्टोरीबोर्डच्या, म्हणजे शॉटवार काढलेल्या रेखाटनांच्या, चौकटींचे फोनवर फोटो काढायचे, टाइमलाइनवर लावायचे आणि खाली आपल्याच आवाजात निवेदन टाकायचं, एवढंच काम आहे. दोन तास जातात, पण शूटिंगचा अख्खा दिवस वाचतो. कागदावर ‘मुलगी दार उघडून आत येते, दप्तर टाकते, खुर्चीत बसते’ ही एक ओळ असते. प्रत्यक्षात तिला सहा-सात सेकंद लागतात, म्हणजे जाहिरातीचा जवळजवळ पाचवा भाग. अ‍ॅनिमॅटिकमध्ये हे लगेच कळतं आणि शॉट थेट दप्तर टेबलावर आपटण्यापासून सुरू करता येतो. स्टोरीबोर्डमध्ये एकूण १४ शॉट असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी दोन सेकंद येतात. त्यात एखादा चेहरा वाचायला द्यायचा असेल तर दोन-तीन शॉट तिथेच काढून टाकावे लागतात.

शूटिंगचा क्रम संहितेचा नसतो, प्रकाशाचा असतो. एका बाजूला तोंड करून जेवढे शॉट आहेत तेवढे सगळे एकदम घ्यायचे आणि मगच लाइट हलवायचे. नवख्या टीमला एका सेटअपला, म्हणजे कॅमेरा आणि दिव्यांच्या एका मांडणीला, सरासरी ४० मिनिटं धरली तर दहा तासांत १५ सेटअप होतात. वेळापत्रकात यापेक्षा जास्त लिहिले तर संध्याकाळी घाईने उरकलेले शॉट हाती येतात. प्रत्येक टेकमध्ये क्रिया सुरू होण्याआधी आणि संपल्यावर तीन-तीन सेकंद कॅमेरा चालू ठेवायचा. संकलनात कट लावायला तेवढी सुटी जागा लागतेच.

दिव्यांच्या लुकलुकण्याचा धडा प्रत्येकाला कधी ना कधी शिकावा लागतो. ५० हर्ट्झच्या विजेवरचे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. २५ फ्रेमला शटर १/५० ठेवलं, म्हणजे प्रत्येक फ्रेमला सेकंदाचा पन्नासावा भाग प्रकाश घेतला, तर ते चित्रात दिसत नाही. पण पाण्याच्या थेंबांसाठी स्लो मोशन हवं म्हणून १०० फ्रेम लावल्या की शटर १/२०० वर जातं. मग चित्र हळूहळू उजळ-मंद होत राहू शकतं किंवा त्यात पट्टे दिसू शकतात, शिवाय प्रकाशही चौपट लागतो. असा शॉट उन्हात घ्यावा किंवा फ्लिकर नसलेले दिवे आधीच मिळवून ठेवावेत. संकलनात ही खोट धडपणे निघत नाही.

पॅकशॉटला मी स्वतंत्र अर्धा दिवस ठेवते. तो दिवसाच्या शेवटी ठेवला की सगळे थकलेले असतात आणि नेमकी वस्तूच सगळ्यात वाईट दिसते. स्टीलची बाटली ही तर परीक्षाच, कारण कॅमेऱ्याला स्टील दिसत नाही, स्टीलमध्ये उमटलेली खोली दिसते. त्यामुळे दिवा थेट बाटलीवर मारून उपयोग नसतो. बाटलीच्या दोन्ही बाजूंना ट्रेसिंग पेपरच्या उंच चौकटी उभ्या करायच्या आणि दिवा त्यांच्या मागून द्यायचा. मग अंगावर दोन लांब, मऊ पांढरे पट्टे उमटतात. कडा पार्श्वभूमीत विरघळायला लागल्या तर फ्रेमच्या अगदी बाहेर दोन काळे कार्ड उभे करायचे, म्हणजे कडेला बारीक काळी रेघ येते आणि आकार उठून दिसतो. लेन्सवर पोलरायझर हा चमक कमी करणारा फिल्टर लावून चमक जाईल ही आशा इथे फोल ठरते. तो काच, पाणी आणि प्लास्टिकवर चालतो, उघड्या धातूवर नाही.

लेबल वाकडं दिसू नये म्हणून ८५ किंवा १०० मिलीमीटरची लेन्स घेऊन लांबून शॉट घ्यायचा. अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र, एफ-८ च्या आसपास ठेवायचं (आकडा मोठा तितकं छिद्र लहान). एफ-२.८ वर नावातलं मधलं अक्षर स्वच्छ येतं आणि कडेची पुसट होतात. २.८ वरून ८ वर गेलं की आठपट प्रकाश लागतो, तो धरूनच दिवे मागवावेत. गार बाटलीवरचे थेंब हवे असतील तर ग्लिसरीन आणि पाणी समप्रमाणात मिसळून बारीक फवारा मारायचा. नुसतं पाणी दिव्यांखाली ओघळतं आणि सुकतं. हातमोजे घालूनच बाटली उचलायची. बोटाचा ठसा सेटवर दिसत नाही, मोठ्या पडद्यावर दिसतो.

एका बाबतीत मी तडजोड करत नाही. ‘गळत नाही’ हे दाखवताना बाटली खरोखर पाण्याने भरलेली आणि खरोखर उलटी असली पाहिजे. थेंब दिसण्यासाठी केलेली सजावट वेगळी आणि गुण सिद्ध करताना केलेली बनवाबनवी वेगळी. दुसऱ्या प्रकाराला दिशाभूल म्हणतात, आणि सरावाच्या जाहिरातीतही तिची सवय लागू नये. सेटवर बाटली गळली तर ब्रीफकडे परत जायचं आणि दुसरं वाक्य शोधायचं.

आवाजाकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. प्रत्येक जागेवर सगळ्यांना गप्प उभं करून ३० सेकंद नुसती खोलीची शांतता रेकॉर्ड करून घ्यावी. संवाद जोडताना मधली भोकं तिनेच भरता येतात. निवेदनासाठी माइक तोंडापासून १५ ते २० सेंटीमीटरवर, थोडा तिरका ठेवायचा, नाहीतर ‘प’ आणि ‘फ’ फुटतात. आवाज घुमत असेल तर निवेदकाच्या मागे आणि बाजूला जाड पांघरुणं टांगायची. संगीत निवडताना लक्षात ठेवायचं की तयार गाण्यासाठी दोन परवानग्या लागतात, एक रचनेच्या हक्कांची आणि दुसरी त्या ध्वनिमुद्रणाची. पडद्यावर दिसणाऱ्या प्रत्येकाची लेखी संमती शूटिंगच्या दिवशीच घ्यावी, नंतर माणसं पांगतात.

संकलनात मी आधी संगीताशिवाय जुळणी करते. संगीत लागलं की ढिला कटही चालून जातो असं वाटतं. मग फोनच्या स्पीकरवर ऐकायचं. तिथे खालचे स्वर जवळजवळ नाहीसे होतात आणि निवेदन संगीताखाली दबलंय का ते नेमकं कळतं. टीव्हीसाठी वाहिनीने दिलेली पातळी पाळावी लागते. युरोपातल्या आर-१२८ मानकात ती, आवाजाचा मोठेपणा मोजायच्या एलयूएफएस या एककात, उणे २३ आहे.

१५ आणि ६ सेकंदांच्या आवृत्त्या ३० मधून कापून काढायच्या, हा विचार मुळात चुकीचा. सहा सेकंदांत फक्त उलटी बाटली, कोरडी वही आणि नाव बसतं, म्हणून तो शॉट वेगळाच रचून घ्यावा. उभ्या फ्रेमचंही तसंच. आडव्या १६:९ मधून उभी ९:१६ कापली की रुंदीचा जेमतेम ३२ टक्के भाग उरतो. मूळ चित्रीकरण फोर-के (३८४० बाय २१६० पिक्सेल) मध्ये असेल तर त्यातून १२१५ बाय २१६० चा तुकडा मिळतो आणि तो फोनला पुरतो. मात्र त्यासाठी मॉनिटरवर टेप चिकटवून तेवढी पट्टी आखून घ्यावी लागते आणि चेहरा व बाटली दोन्ही त्या पट्टीत ठेवावी लागतात. देताना प्रत्येक फाइलच्या नावात लांबी, आकार आणि आवृत्ती लिहावी. सुपर नसलेली एक स्वच्छ प्रत आणि निवेदन, संगीत, इफेक्ट यांचे वेगवेगळे ट्रॅक त्याच फोल्डरमध्ये ठेवावेत. घोषवाक्यातला एखादा शब्द बदलायचा झाला तर याच फाइल लागतात.