आमची वाटचाल : डायफ्रॅम की पिस्टन?

वाळूज एमआयडीसीत आम्ही दोघा भावांनी भाड्याने गाळा घेतला, तेव्हा प्रेशर स्विच (दाब ठरल्या आकड्याला पोचला की यंत्र आपोआप चालू-बंद करणारा स्विच) विकणं म्हणजे कॅटलॉगात रेंज बघायची आणि माल द्यायचा, एवढंच ठाऊक होतं. गिऱ्हाईक म्हणायचं, "दहा बारचा द्या." (बार हे दाबाचं माप.) आम्ही द्यायचो. कॉम्प्रेसरवाल्यांचं त्यावर भागायचं, म्हणून चूक लवकर कळली नाही.

कळली ती जालन्याकडच्या एका जिनिंगमध्ये. दसऱ्यानंतरचा हंगाम, दारात कापसाच्या गाड्यांची रांग आणि गाठी बांधणारा हायड्रॉलिक प्रेस बंद. तिथल्या फिटर मामांनी आम्ही दिलेला स्विच हातात ठेवला. "साहेब, हा तिसरा बसवायलोय. महिनाभर बी टिकंना." झाकण उघडलं तर मायक्रोस्विच, म्हणजे आतला विजेचा छोटा स्विच, तेलात बुडालेला, केबल ग्लँडमधून तेल वायरीवर उतरलेलं. डायफ्रॅम, म्हणजे दाब झेलणारा लवचिक पडदा, काढून उजेडात धरला. कडेला नखाएवढी चीर.

स्विच चांगलाच होता, जागा चुकली होती आणि ती आमच्यामुळे. 170 किलोची गाठ दाबताना व्हॉल्व्ह मिटला की लाइनमध्ये दाबाचा हिसका बसतो. गेजच्या काट्याला तो पुरता दिसतही नाही, पण डायफ्रॅमला दर वेळी सोसावा लागतो. तिथे पिस्टनवालाच हवा. त्यात दाब छोट्याशा पिस्टनवर येतो, मागे दणकट स्प्रिंग असते आणि तेलाचं वंगण आयतंच मिळतं. तिन्ही स्विचचे पैसे परत केले, पिस्टनचा बसवला, तोंडाशी दाबाचा हिसका शमवणारा स्नबर लावला. त्या हंगामात मामांचा फोन पुन्हा आला नाही.

पण मग पिस्टन म्हणजे मजबूत, हेच डोक्यात बसलं. एका कारखान्यात बोअरच्या पाण्याच्या लाइनवर, जेमतेम 2-3 बारला, आम्ही पिस्टनचा दिला. आपल्याकडचं पाणी किती जड, ते बादलीच्या तळाच्या पांढऱ्या थरावरून घरोघरी माहीत आहे. तोच क्षार पिस्टनभोवतीच्या रबरी ओ-रिंगपाशी धरला, पिस्टन अडकला. बोअर आटला तरी पंप चालूच राहिला आणि त्याची मेकॅनिकल सील (दांड्याजवळून पाणी गळू न देणारा भाग) जळाली. तो दिवस आजही आठवतो. कमी दाबाला, पाण्याला, हवेला डायफ्रॅमच. घासणारं काही नसल्यामुळे थोडासा फरकही तो टिपतो. फक्त त्याचं मटेरियल बघून घ्यावं लागतं : साध्या तेलाला नायट्राइल रबर चालतं, गरम तेलाला व्हायटॉन रबर बरं.

आता भाव सांगण्याआधी आम्ही विचारतो. नेहमीचा दाब किती, उसळी किती, तासाला किती वेळा चालू-बंद होणार, आत काय वाहतं? आणि चालू-बंदमध्ये फरक किती हवा? हा शेवटचा प्रश्न बहुतेकांना नवा वाटतो. कॉम्प्रेसर 6 बारला चालू, 8 ला बंद, म्हणजे 2 बारचा फरक. तो फार कमी ठेवला तर मोटर घडोघडी सुरू होते आणि मोटरचा वीजप्रवाह जोडणाऱ्या-तोडणाऱ्या कॉन्टॅक्टरचे पॉइंट जळतात. पिस्टनमध्ये घर्षणामुळे हा फरक मुळातच जास्त राहतो.

काही जण वैतागतात. "रेट सांगा फक्त," म्हणून फोन ठेवतात. चार गिऱ्हाइकं त्यात गेलीही. तरी न विचारता माल पाठवायचा नाही, यावर आम्ही दोघे ठाम आहोत.

येताना जुना स्विच फेकून देऊ नका, सोबत आणा. झाकण उघडलं की निम्मं उत्तर तिथेच सापडतं.