वखारीतलं कला केंद्र कागदावर आणताना : माझा अनुभव

बरेच जण विचारतात की तुम्ही ते हॉलचं कसं जमवलंत, संस्था कशी काढली, पैसे कुठून येतात, रोज कोण उघडतं. प्रत्येकाला फोनवर तासभर सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. लांबलंय, चहा घेऊन बसा.

आम्ही सांगलीचे. नदीच्या बाजूला एक जुनी हळदीची वखार आहे, मालकांनी हळदीचा धंदा कधीच सोडलाय, मुलं पुण्याला, वखार नुसती पडून होती. जाड भिंती, वर पत्रा, एका कडेला लाकडी माळा आणि मधे एकही खांब नाही, ह्या शेवटच्या गोष्टीवरच आम्ही फिदा झालो. भिंतीला टेकून बसलं की पाठीला अजून पिवळं लागतं. पाऊस आला की पत्र्यावर असा काही आवाज होतो की समोरच्याचं वाक्य ऐकू येत नाही, मग तालीम थांबवायची आणि नेपथ्याचं काम काढायचं. २०१८ ला मालक म्हणाले वापरा, झाडून ठेवा, भाड्याचं नंतर बघू. तोपर्यंत आम्ही म्हणजे राज्य नाट्य स्पर्धा जवळ आली की जमणारा आणि निकाल लागला की पांगणारा ग्रुप. दोन शिक्षक, एक साउंडवाला, इंजिनिअरिंगची पोरं, बँकेतून रिटायर झालेल्या एक काकू आणि मी. जागा मिळाल्यावर मात्र वर्षभराचं काहीतरी सुरू झालं, रविवारी मुलांचं नाट्यशिबिर, संध्याकाळी तबला-पेटीचा क्लास, शनिवारी चित्रकला.

संस्था-बिंस्था काढायची कुणालाच हौस नव्हती. काढावी लागली ती पुरामुळे.

ऑगस्ट २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५ आहे म्हणजे बघा. वखारीत माणूसभर पाणी. प्लायवूडच्या लेव्हल्स, म्हणजे स्टेजवरचे चौथरे, फुगून पुस्तकासारख्या उलगडल्या, दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणारा डिमर गेला, स्पॉट गेले, दोन पेट्या गेल्या, तबल्याची पुडी तर हातात घेतल्यावर सुटूनच आली. पेट्या आणि तंबोरा दुरुस्तीला मिरजेला नेले, तिथल्या कारागिरांनी जेवढं वाचवता येईल तेवढं वाचवलं. मग पुण्या-मुंबईतल्या आणि परदेशातल्या सांगलीकरांनी पैसे पाठवायला सुरुवात केली आणि ते सगळे यायचे आमच्यातल्या एका मित्राच्या मोबाईल नंबरवर, म्हणजे त्याच्या स्वतःच्या सेव्हिंग खात्यात. त्याने पै न पै वहीत लिहिली, कुणी कधी शंका घेतली नाही, पण मार्चला त्याचा सीए विचारायला लागला की हे काय आहे, आणि तो बिचारा रात्री झोपेना. तेव्हा ठरलं की आता रीतसर करायचं.

इथून पुढचं ज्यांना करायचंय त्यांनी नीट वाचा.

महाराष्ट्रात अशी संस्था काढायची तर १८६० च्या सोसायटी कायद्याखाली नोंदणी करायची आणि सोबत १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली पण, दोन्ही सहायक धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातच होतं. कमीत कमी ७ माणसं लागतात. ७ माणसं म्हणजे काय सोपं असं वाटतं ना? नाटकात काम करायला चाळीस तयार, पण विश्वस्त म्हणून सही कर म्हटलं की एकाला बायको नको म्हणते, एकाची सरकारी नोकरी असते, एक म्हणतो मी कायम आहेच की तुमच्याबरोबर, कागदावर कशाला. एका घरातले दोघं शक्यतो नकोत असं वकिलांनी सांगितलं होतं त्यामुळे जी दोन हक्काची जोडपी होती त्यातले निम्मे बाद. आणि मग आधार-पॅनची नावं. आमच्या दोघी जणींचं आधारवर सासरचं नाव आणि पॅनवर माहेरचं, एका सरांचं वडलांचं नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे नुसतं आद्याक्षर. ते दुरुस्त होईपर्यंत फाईल हलली नाही, तर हे काम सगळ्यात आधी करून घ्या, नाव ठरवायच्या पण आधी.

नावं दोन-तीन देऊन ठेवावी, पहिलं हमखास कुणीतरी घेतलेलं असतं. उद्देशपत्रिका लिहिताना जी भांडणं झाली ती मला एकांकिकेला विषय म्हणून पुरतील. नाटकवाले म्हणाले नाटक पहिलं, गाणंवाल्यांचं म्हणणं संगीत पहिलं, आणि भजनी मंडळातले एक तात्या जे आमच्यात कसे आले ते मला अजून आठवत नाही ते म्हणाले लोककला पहिली नसेल तर मी सही करत नाही. वकिलांनी शांतपणे सांगितलं की क्रमांकाला काही अर्थ नसतो, व्याप्ती मोठी ठेवा म्हणजे पुढे काही नवीन सुरू करताना अडायला नको. तात्यांची लोककला पहिलीच आहे, बघायला मिळेल.

जागेचं पण कागदावर आणलं. लोक म्हणतात ११ महिन्यांचा करार केला की रजिस्टर करायला लागत नाही, आपल्याकडे ते खरं नाही, महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्स कितीही महिन्यांचा असो नोंदवावाच लागतो आणि ती जबाबदारी मालकाची असते. मालक आधी जरा बिचकले, वखार जाते की काय हातातून असं त्यांना वाटलं, पण करार नोंदवला की उलट त्यांचाच हक्क पक्का होतो हे मुलाने पुण्याहून समजावलं तेव्हा तयार झाले.

नोंदणी झाली, पॅन आलं, खातं उघडलं, त्यात तिघांपैकी दोघांच्या सह्या. मग आयकर खात्याकडे १२ए (संस्थेच्या स्वतःच्या उत्पन्नावर सूट) आणि ८०जी. आमच्या वेळी फॉर्म १०ए भरून आधी ३ वर्षांची तात्पुरती नोंदणी मिळाली, ८०जी म्हणजे देणाऱ्याला टॅक्समधे सूट मिळते एवढं सगळ्यांना माहीत असतं, पण २००० रुपयांच्या वर रोख दिले तर ती सूट मिळत नाही हे पावती फाडणाऱ्याला माहीत असायला हवं. एक काका पाच हजार रोख घेऊन आले, काकूंनी त्यांना हात जोडून चेकबुक आणायला परत पाठवलं, ते रागावले आणि तिसऱ्या दिवशी चेक घेऊन आले. शिवाय वर्षभरात कुणी किती दिले त्याचं १०बीडी नावाचं विवरण ३१ मे पर्यंत भरायचं आणि देणगीदारांना १०बीई सर्टिफिकेट द्यायचं, उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये. ज्या संस्थेचं वीजबिल भरताना नाकी नऊ येतात तिला दिवसाला २०० म्हणजे काय ते सांगायला नको. कार्यकारिणीत कुणी बदललं की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज. दरवर्षी ऑडिट. ह्यातलं काहीच अवघड नाही, पण हे करणारा माणूस लागतो आणि तो माणूस कधीच स्टेजवर दिसत नाही.

सांगलीत १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर हे मराठीतलं पहिलं मानलं जाणारं नाटक केलं ते आपण दर ५ नोव्हेंबरला नटराजपूजन करून आठवतो. पण त्यांना सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांचा आश्रय होता, राजेसाहेब गेल्यावर भाव्यांनाही मंडळी घेऊन मुंबईपर्यंत जावं लागलं आणि तिकीट लावून खेळ करावे लागले, हे भाषणात फारसं कुणी सांगत नाही. आमचा राजाश्रय म्हणजे चित्रकलेचा क्लास. खरंच. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षा पास झालं की दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून पालक फी भरतात, आणि त्या फीवर नाटकवाल्यांचे दिवे जळतात. आमचे काही नाटकवाले ह्या क्लासला नाकं मुरडायचे, ‘हे काय ट्यूशन क्लास झालंय’ वगैरे. मी एका मीटिंगला नुसता जमाखर्च वाचून दाखवला.

तिकीट लावायचं म्हणजे मग संहिता सरकारच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यायचं, स्पीकरला परवानगी, रात्री १० ला आवाज बंद. आम्ही प्रयोग साडेसहालाच सुरू करतो. सुरुवातीला लोक उशिरा यायचे, आता येतात वेळेवर कारण दार लावतो.

आता स्वयंसेवकांचं, जे मला खरं तर सांगायचंय. सगळ्यांना वाटतं उत्साहावर चालतं. उत्साह प्रयोगाच्या दिवशी असतो. मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता तबल्याच्या सरांना कुलूप कोण उघडून देणार, हा प्रश्न उत्साहाने सुटत नाही. आम्ही आधी ‘ज्याला जमेल त्याने’ असं ठेवलं होतं, त्यात जमायचं ते कायम त्याच तिघांना. मग कामं अगदी बारीक कापली. एकाकडे फक्त मंगळवारचं कुलूप. एकीकडे फक्त पावतीपुस्तक. एका कॉलेजच्या पोराकडे फक्त केबल गुंडाळून पेटीत मोजून ठेवणं. आणि प्रत्येक कामाला शेवटची तारीख, बहुतेक दिवाळी किंवा परीक्षा, की त्यानंतर तू मोकळा, परत घ्यायचं तर घे. ‘कायमचं ये’ म्हटलं की माणूस पळतो, ‘दिवाळीपर्यंत मंगळवार सांभाळ’ म्हटलं की राहतो आणि बरेचदा दिवाळीनंतरही दिसतो.

आमची अर्धी टीम दर जूनला पुण्याला जाते नोकरीला. ह्याला इलाज नाही, सांगलीत राहा कसं म्हणणार. म्हणून दारामागे एक वही टांगलीय, कुलूपवही म्हणतो. कोण आलं, काय बिघडलं, कुठला स्विच मारायचा नाही, पेटीचा कुठला सूर बसतो, सगळं त्यात. जाणारा पोरगा येणाऱ्याला बरोबर घेऊन दोन-चार वेळा उघडतो आणि मग जातो.

पेट्रोलवरून मोठा वाद झाला होता. जुनी मंडळी म्हणत होती सेवा म्हणजे सेवा, पेट्रोलचे पैसे कसले मागता. माझं मत पहिल्यापासून उलटं आहे. माधवनगरहून, कुपवाडहून येणाऱ्या पोराच्या खिशात पैसे नसतात आणि ते तो कधी सांगणार नाही, नुसता यायचा बंद होईल. मग फक्त ज्यांच्या घरी बरं आहे तेच सेवा करणार आणि त्यांनाच भूमिका मिळणार. शेवटी सर्वसाधारण सभेत ठराव झाला, व्हाउचरवर पेट्रोल मिळतं, मागावं लागत नाही, काकू महिन्याच्या शेवटी पाकीट देतात. ज्यांना नको ते देणगी म्हणून परत करतात आणि त्याची पावती घेतात. काकूंच्या वहीत दोन्हीकडे नोंद.

जुलै २०२१ ला परत पूर आला. ह्या वेळी मात्र आधीच ठरलेलं होतं, आयर्विनला ३५ फूट झालं की ग्रुपवर मेसेज, ४० ला म्हणजे इशारा पातळीला सामान माळ्यावर, आणि यादी अशी केलेली की नदीच्या बाजूला राहणाऱ्यांनी यायचंच नाही, त्यांनी आपलं घर बघायचं, विश्रामबागच्या बाजूच्या पोरांनी यायचं. लेव्हल्स आता नटबोल्टच्या केल्यात, सुट्या होतात, प्लायवूड कमी आणि लोखंड जास्त. पाणी आत आलं, पण वाद्यं, डिमर आणि फायली वर कोरड्या. गाळ काढायला मात्र सगळे होते, तात्या पण, खराटा घेऊन, आणि भजन म्हणत होते, त्यांना कुणी थांबवू शकलं नाही.

सध्या पत्र्याखाली छत करायचा विचार चाललाय, म्हणजे पावसात तालीम होईल. इस्टिमेट आलंय, ते ऐकून कार्यकारिणी गप्प आहे. चित्रकलेच्या मॅडम म्हणतात छत केलं तर आमच्या बाजूला उजेडासाठी दोन काचेचे पत्रे सोडा, आणि प्रकाशयोजनावाला म्हणतो काच सोडली तर दुपारच्या प्रयोगाला मी अंधार कुठून आणू. पुढच्या रविवारी मीटिंग आहे. नियमावलीचा नमुना कुणाला हवा असेल तर मी देतो, फक्त उद्देश तुमचे तुम्ही लिहा.