तंजावरच्या गाण्यात मराठी कुठे आहे?

मी कर्नाटक संगीत शिकतो हे कळले की मराठी माणसे हमखास एक प्रश्न विचारतात: तंजावरला १६७६ पासून १८५५ पर्यंत भोसल्यांचे राज्य होते, तर तिथल्या संगीतात आपली मराठी कुठे आहे? तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दरबारात शोधायला गेलात तर आधी तेलुगू सापडेल. नायक राजांच्या काळापासून रुजलेली तेलुगू गेय नाटकांची परंपरा भोसल्यांनी मोडली नाही, उलट आपलीशी केली. तंजावरचे भोसले राज्य स्थापणाऱ्या व्यंकोजींचे पुत्र राजे शहाजी यांनी 'पल्लकी सेवा प्रबंधम्' तेलुगूत रचले, तर त्यांच्यानंतरचे राजे तुळजाजी यांनी 'संगीत सारामृत' हा शास्त्रग्रंथ संस्कृतात लिहिला. तिरुवारूरला जन्मलेल्या कर्नाटक संगीताच्या तिघा थोर रचनाकारांपैकी त्यागराज आणि श्यामा शास्त्री यांच्या रचना मुख्यतः तेलुगूत आहेत, मुत्तुस्वामी दीक्षितरांच्या संस्कृतात. भरतनाट्यमचा आजचा क्रम ज्यांनी बसवला ते चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू हे चौघे भाऊ तमिळ, आणि त्यांतले वडिवेलू युरोपातून आलेल्या व्हायोलिनवर कर्नाटक संगीत वाजवीत. या सगळ्यांना 'आपल्या राजांनी घडवले' असे म्हणणे मला पटत नाही. त्यागराजांनी तंजावरचे राजे सरफोजी यांचे बोलावणे नाकारल्याची कथा तर तिथे आजही भक्तीने सांगतात.

मराठी सापडते ती कीर्तनात, आणि तिथे मात्र ती हाडामासी मुरलेली आहे. एकोणिसाव्या शतकात रामचंद्रबुवा मोरगावकरांसारखे कीर्तनकार तंजावरला आले, आणि पूर्वरंग, आख्यान, मध्येच बदलणारी वृत्ते, साथीला झांजा अशी त्यांची घडण तिथल्या गुणी मंडळींनी बारकाईने पाहिली. कृष्ण भागवतर (१८४७–१९०३) यांनी ती कर्नाटक रागतालांत आणि तमिळ निरूपणात अशी बसवली की त्यातून दक्षिणेची हरिकथा उभी राहिली. साकी, दिंडी, ओवी, अभंग ही पद्यप्रकारांची नावे तिथले भागवतर, म्हणजे हरिकथा सांगणारे, आजही याच रूपात उच्चारतात.

पहिल्यांदा तमिळ हरिकथा ऐकायला बसलो तेव्हा निरूपणातले फारसे काही कळत नव्हते. मग भागवतरांनी एक पद्य उचलले, नऊ मात्रांवर क्षणभर थांबले, पुढच्या दहा मात्रा ओघात म्हटल्या, आणि लहानपणी आजीकडून ऐकलेली दिंडी मी तमिळ शब्दांत ऐकतो आहे हे माझ्या ध्यानात आले.