आमची वाटचाल : पुरात बुडालेल्या मोटारी

आमच्याकडे पंपांच्या आणि यंत्रांच्या विजेच्या मोटारी भरून मिळतात, म्हणजे आतली जळालेली तार काढून नवी तांब्याची तार गुंडाळून देतो. यालाच वाइंडिंग म्हणतात. विहिरीवरचा मोनोब्लॉक (मोटार आणि पंप एकत्र असलेला), बोअरचा सबमर्सिबल, राईस मिलची मोठी मोटार, पिठाच्या चक्कीची, उन्हाळ्यात कुलरचे पंप. ब्रह्मपुरी तालुक्यात वैनगंगेच्या काठाला आमचं गाव. पट्टा धानाचा. पावसाळी धान सगळेच लावतात, उन्हाळी धान मात्र ज्याच्या विहिरीवर मोटार नीट चालते त्यालाच जमतो. त्यामुळे फेब्रुवारी ते एप्रिल आमच्या दुकानात उभं राहायला जागा नसते.

दुकान मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी सुरू केलं. मी या घरात आले तेव्हा यजमान बाहेरची फिटिंग पाहायचे आणि मामाजी एकटे वाइंडिंग करायचे. त्यांनीच मला फॉर्म्यावर, म्हणजे वेढे घालायच्या साच्यावर, तार घ्यायला शिकवलं. वेढे मोजताना दारात पाहुणा आला तरी मान वर करायची नाही, ही त्यांची शिस्त. आज ते नाहीत. वाइंडिंगचा सगळा भाग मी आणि माझ्या हाताखाली तयार झालेल्या गावातल्या दोन मुली सांभाळतो.

ऑगस्ट २०२० मध्ये आमच्या भागात पूर आला. घरोघरी गणपती बसलेले होते. तिकडे मध्य प्रदेशात जोरदार पाऊस झाला, तिथल्या संजय सरोवर धरणाचं पाणी वैनगंगेला आलं, आणि गोसीखुर्द धरणाचे सगळे ३३ दरवाजे उघडावे लागले. आमच्याकडे तोवर पाऊस उघडला होता, त्यामुळे एवढं पाणी येईल हे मनाला पटतच नव्हतं. रात्रीतून नाला उलटा भरत आला. मिळेल ते घेऊन आम्ही ब्रह्मपुरीला नणंदेकडे गेलो. कोरोनाचे दिवस होते, एका खोलीत इतकी माणसं झोपवायची तिलाही भीती होती, पण ती एका शब्दाने काही बोलली नाही. तिचे उपकार मी विसरणार नाही.

पाणी उतरल्यावर परत आलो तर भिंतीवर पाण्याची रेघ दरवाजाच्या चौकटीच्याही वर होती. तांब्याच्या तारेची रिळं गाळात रुतलेली. स्लॉटमध्ये, म्हणजे मोटारीतल्या तार बसवायच्या खाचांत, घालायचा इन्सुलेशन पेपर फुगून लगदा झालेला. वार्निशचे डबे तरंगत जाऊन मागच्या भिंतीशी अडकलेले. गिऱ्हाइकांच्या दुरुस्तीला आलेल्या मोटारी ओळीने ठेवल्या होत्या, त्या तशाच ओळीने मातीखाली.

मला धसका होता तो वह्यांचा. कुठल्या मोटारीला किती स्लॉट, कितीची तार, किती वेढे, पिच (कॉईलच्या दोन बाजूंमधलं खाचांचं अंतर) काय, हे सगळं मामाजींनी वर्षानुवर्षं वहीत टिपून ठेवलं होतं. जळालेली मोटार खोलल्यावर कॉईल कापून वेढे मोजावे लागतात. वहीत नोंद असली की ते काम वाचतं आणि चूक होत नाही. शाईने लिहिलेली उधारीची वही धुऊन निघाली, पानं निळी झाली, आकडे गेले. पण वाइंडिंगच्या वह्या मामाजींनी शिसपेन्सिलीने लिहिल्या होत्या. पाणी निथळवलं, पानं एकेक करून सुटी केली, सुतळीवर टाकून वाळवली. एकही आकडा पुसला गेला नव्हता. मी तेव्हा पहिल्यांदा रडले.

त्यात ३१ ऑगस्ट २०२० ची तारीख. कोरोनामुळे मार्चपासून कर्जाच्या हप्त्यांना मिळालेली सवलत त्याच दिवशी संपत होती. आमचं कर्ज लेथ मशीनचं. मशीन गाळात आणि हप्ता सुरू.

तरी आधी काम हातात घ्यावं लागलं, कारण लोक दारात उभे राहू लागले. कोणी बैलगाडीत, कोणी मोटरसायकलवर मधे धरून मोटार आणलेली. "मोटार गेली जी आमची, भरून द्या आता," असं म्हणायचे. आणि मी त्यांना सांगायची की मोटार गेलेली नाही, ती फक्त ओली आहे. पुरात बुडालेली मोटार पाण्याने जळत नाही. ओली असताना बटण दाबलं की जळते. वीज बरेच दिवस बंद होती हे त्या बाबतीत बरंच झालं. लाईन येण्याआधी आम्ही आजूबाजूच्या गावांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर यजमानांच्या आवाजात निरोप टाकला, की लाईन आली तरी बुडालेला कोणताही पंप चालू करून पाहू नका, स्टार्टरची पेटीसुद्धा नाही.

बोअरमधल्या सबमर्सिबलला तर काहीच झालेलं नव्हतं, तो पाण्यातच राहणारा. त्याच्या तारेवर प्लास्टिकचं आवरण असतं. बिघडलं होतं ते वरचं पॅनल आणि केबलचा जोड. हे समजावून सांगितल्यावर कितीतरी जणांचा बोअरमधून पंप काढायचा खर्च वाचला.

मोनोब्लॉकचं काम मोठं. मोटार खोलायची, रोटर (आतला फिरणारा भाग) बाहेर काढायचा, बेअरिंग काढून टाकायची, ती परत वापरायची नाहीच. नदीचा गाळ पिठासारखा बारीक असतो, वेढ्यांच्या मधे जाऊन बसतो. स्वच्छ पाण्याच्या हलक्या धारेने तो काढायचा. खरवडायचं नाही, तारेवरचं इनॅमलचं आवरण निघालं की सगळं मुसळ केरात. मग वाळवणं. आमची भट्टी बुडाली होती, म्हणून यजमानांनी एका जुन्या लोखंडी कपाटात २०० वॉटचे बल्ब लावले, वाफ निघायला वर भोकं पाडली, बाजूला थर्मामीटर अडकवला. ८०-९० डिग्रीच्या वर जाऊ द्यायचं नाही. जनरेटर भाड्याने आणला.

अधूनमधून मेगर, म्हणजे तारेचं इन्सुलेशन किती शाबूत आहे ते मोजायचं यंत्र, लावून पाहायचं. सुरुवातीला मोटार गरम होते तसा आकडा चढायच्या ऐवजी खाली येतो. आत अडकलेली ओल पसरत असते. आमच्या मुली घाबरायच्या. धीर धरला की काही तासांनी काटा वर सरकू लागतो. ५०० व्होल्टच्या मेगरवर एक मेगाओमच्या खाली असलेली मोटार आम्ही दारातून बाहेर जाऊ दिली नाही. आकडा नीट आला की वार्निश, परत भट्टी, नवी बेअरिंग, नवं सील, सिंगल फेज असेल तर नवा कपॅसिटर.

आता धंद्याची गोष्ट स्पष्ट लिहिते. मोटार भरून दिली तर पैसे जास्त मिळतात, कारण त्यात तांबं जातं. वाळवून दिली तर मजुरी आणि बेअरिंग एवढंच. आम्हाला तेव्हा पैशाची गरज कोणापेक्षा कमी नव्हती. पण ज्याच्या बांधीतला, म्हणजे शेतातल्या वाफ्यातला, धान कुजून गेला, त्याला न जळालेली मोटार भरायला लावायची हे आमच्याने होणार नव्हतं. आधी वाळवायची, मेगर नाहीच म्हणाला तरच भरायची, असं घरात बसून ठरवलं. बहुतेक मोटारी वाळवूनच सुधारल्या.

उधारी भरपूर झाली. जुनी वही धुऊन गेली होती, तरी लोक स्वतः येऊन सांगायचे, आमच्याकडे इतके बाकी होते. पडीक झालेल्या बांध्यांत लोकांनी चना, लाखोळी टाकली, आणि उन्हाळी धान निघाल्यावर पैसे हळूहळू आले. नागपूरच्या तारेच्या व्यापाऱ्यांनी ओळखीवर माल पाठवला, हेही इथे नोंदवायला हवं.

नंतर दुकान आम्ही गावाबाहेर रस्त्याच्या अंगाला, उंच जागेवर हलवलं. पत्र्याचं शेड आहे, पण ओटा चांगला वर घेतला. वह्यांच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवला. १ एप्रिल २०२१ पासून छोट्या धंद्यांसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही विमा पॉलिसी आली, तिच्यात पूर धरलेला आहे. नदीकाठच्या प्रत्येक दुकानदाराने ती घ्यावी असं मला मनापासून वाटतं. मशीन आणि माल दोन्ही तिच्यात लिहून घ्यावा.

२०२२ च्या पावसाळ्यात वैनगंगा परत चढली. त्या वेळी गोसीखुर्दच्या विसर्गाची बातमी आली तशी यजमान आणि पोरं चेन पुली घेऊन निघाली, नदीकडच्या विहिरींवरच्या मोटारी काढून उंचावर आणून ठेवल्या. ही सेवा आम्ही आता दर पावसाळ्यात देतो आणि तिचे पैसे घेत नाही.

सध्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेतले पंप आमच्या भागात बसत आहेत. त्यांचा कंट्रोलर, म्हणजे पंप चालवणारी विजेची पेटी, बऱ्याच ठिकाणी सौर पॅनलच्या खांबाला कमरेएवढ्या उंचीवर लावलेला दिसतो. नदीकाठच्या शेतात तेवढी उंची पुरणार नाही. आमच्या गिऱ्हाइकांच्या शेतात जाऊन आम्ही २०२० च्या पाण्याची खूण विचारतो आणि कंट्रोलर त्या खुणेच्या वर घ्यायला बसवणाऱ्यांना सांगतो. ज्यांचा आधीच खाली बसला आहे त्यांनी पावसाळ्याआधी आमच्याकडे निरोप द्यावा.